काळूच्या पाण्याचे रसग्रहण

आषाढात मुरबाड-शहापुरातल्या नद्या दुथडी भरून वाहू लागल्या की एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘एवढं पाणी समुद्रात वाया जातंय.’ चहाच्या टपरीवर, एसटीतून पुलाखालचा लोंढा बघताना, सिंचनावरच्या भाषणात, सगळीकडे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. चार महिने धो धो पाऊस आणि चैत्र-वैशाखात हंडा घेऊन टँकरची वाट बघायची, हे ज्या गावपाड्यांच्या नशिबी आले आहे, तिथे असे वाटणारच. तरीही हे वाक्य मला पटत नाही. माळशेजच्या कड्यांवरून उतरून खाडीवाटे अरबी समुद्राला मिळणारे हे पाणी ही एक बांधेसूद रचना आहे. तिला आरंभ आहे, विस्तार आहे, कलाटणी आहे. तिचा विषय आहे कार्बन. तो हवेतून निघून समुद्राच्या तळाशी कसा जातो आणि वाटेत कोणकोण त्याला हात लावते, हे ती सांगते. चांगली रचना सावकाश, ओळीओळीने वाचावी लागते. तशीच ही वाचू या.

आरंभ आहे हरिश्चंद्रगड-माळशेजच्या कातळावर. काळू तिथून मुरबाड तालुक्यात उतरते. भातसा कसाऱ्याच्या बाजूने शहापूर तालुक्यातून येते. दोघींच्या पात्राखालचा खडक एकच, बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर साचत गेले आणि आजही ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला दख्खनचा कातळ तयार झाला. बेलपाड्यात उभे राहून कोकणकड्याकडे मान वर केली की ते थर वेगवेगळे दिसतात. त्या उद्रेकांनी हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साइड सोडला होता. आज तोच खडक झिजता झिजता हा वायू हवेतून परत घेतो आहे. या रचनेचे पहिले सौंदर्यस्थळ हेच. ज्याच्या जन्मात कार्बन सुटला, त्याच्याच झिजण्यात तो बांधला जातो.

हे घडते कसे? पावसाचा थेंब खाली येताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आंबट होतो. जमिनीत मुरताना मुळांच्या श्वासातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून त्याला तो आणखी मिळतो, कारण मातीत अडकलेल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. असे सौम्य आम्लाचे पाणी बेसाल्टमधल्या खनिजांशी भिडले की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका खडकातून सुटतात. हवेतून आलेला कार्बन मात्र बायकार्बोनेट होऊन पाण्यात राहतो. आता तो वायू उरला नाही, तो नदीचा झाला.

बांधावरचा एखादा धोंडा फोडून पाहा. आत खडक काळसर, घट्ट, बारीक कणांचा असतो. बाहेरून त्याला तांबूस-पिवळी साल असते आणि ती नखाने खरवडली तरी भुगा पडतो. त्या सालीतून जे निघून गेले, तेच काळूच्या पाण्यात आहे. लोह मागे राहिले आणि गंजून तांबडे झाले. आपल्या माळांचा, पायवाटांचा रंग तो हाच. उष्ण हवा, वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, उभे उतार आणि त्यात बेसाल्ट असा योग जगात फार थोड्या ठिकाणी जुळतो. जमिनीवरच्या खडकांत बेसाल्टचे क्षेत्र पाच टक्क्यांच्या आसपास आहे. पण सिलिकेट खडकांच्या झिजेतून पृथ्वीवर जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यातला सुमारे तीस टक्के वाटा एकट्या बेसाल्टचा आहे.

कॅल्शियमपेक्षाही मला जास्त वेड लावते ती सिलिका. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला मात्र कळते. लावणी-बेणणी केलेल्या ज्या हातांना भाताच्या पातीने कधी कापले नाही, असे हात आपल्या तालुक्यांत सापडायचे नाहीत. ती धार सिलिकेची असते. भाताचे रोप पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांनी उचलते आणि पातीच्या कडेला, दाण्याच्या तुसात नेऊन बसवते. म्हणून पात ताठ उभी राहते आणि तूस खरखरीत लागते. तूस जाळल्यावर जी करडी-पांढरी राख उरते, तिच्यात बहुतांश सिलिकाच असते. शेताने जी उचलली नाही, ती नदीबरोबर पुढे निघते. समुद्रात तिची वाट बघणारे दुसरेच जीव आहेत.

मधला प्रवास मोठा आहे, पण तो थोडक्यात सांगता येतो. खडवली-टिटवाळ्याच्या परिसरात भातसा आणि काळू एक होतात, कल्याणजवळ उल्हासला मिळतात आणि त्यापुढे उल्हासची खाडी होते. तिचा मोठा प्रवाह घोडबंदरच्या अंगाने वसईकडे जातो आणि एक फाटा ठाण्याच्या खाडीशी जोडला जातो. इथे खारे आणि गोडे पाणी भेटते. पावसाळ्यात तांबडालाल होऊन आलेल्या गाळाचे बारीक कण मिठाची चव लागताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. डोंगराने दिलेली माती खाडीने ठेवून घेतली. विरघळलेला ऐवज मात्र पुढे सरकतो.

खाडीच्या चिखलाकडे लोक नाक मुरडून बघतात. रसिकाने तिथे थांबावे. ओहोटीच्या वेळी चिखलाच्या पृष्ठभागावर ऊन पडले की एक पातळ सोनेरी-तपकिरी झाक दिसते. तो डायॲटमचा थर. पाणी ओसरले की हे एकपेशीय जीव चिखलातून वर येतात, उन्हात प्रकाशसंश्लेषण करतात आणि भरती यायच्या आत पुन्हा चिखलात उतरतात. ठाण्याच्या खाडीवर दरवर्षी हजारोंनी उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे, फ्लेमिंगोंचे अन्न म्हणजे अशीच सूक्ष्म शेवाळे आणि चिखलातले बारीक जीव. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. लोक तिथे गुलाबी पंख बघायला जातात आणि ते सुंदर आहेतच. पण त्या गुलाबीच्या मुळाशी ही तपकिरी झाक आहे.

त्याच खाडीकाठी तिवर आणि चिप्पी ही कांदळवनाची झाडे उभी असतात. तिवराची श्वासमुळे चिखलातून बोटभर वर आलेली असतात, कारण खाली ऑक्सिजन नसतो. त्या चिखलात पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा उग्र वास सुटतो. हा वास रचनेतली महत्त्वाची ओळ आहे. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू काम करतात. त्यांचे काम फार सावकाश चालते आणि वास त्यांचाच असतो. म्हणून गळालेले पान, मेलेले मूळ तिथे पुरते कुजत नाही. त्यातला कार्बन शेकडो वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ, गाळाखाली पडून राहतो. हेक्टरी हिशेब केला तर कांदळवने जमिनीवरच्या बहुतेक जंगलांपेक्षा जास्त कार्बन साठवतात आणि त्यातला मोठा भाग खोडाफांद्यांत नसून मुळांखालच्या चिखलात असतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडायला राज्यभर मनाई केली. या चिखलाची किंमत उशिरा का होईना, आपल्याला कळू लागली आहे.

आता समुद्र. इथे रचना एकदम उंची गाठते. आकडे प्रचंड आहेत. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या रूपात सुमारे ३८ हजार अब्ज टन कार्बन आहे. हवेत आहे त्याच्या चाळीसपटीहून अधिक. बहुतेक बायकार्बोनेट, म्हणजे काळूने जे वाहून नेले तेच. त्यापुढे समुद्रातल्या सगळ्या जिवांच्या शरीरातला कार्बन किती? जेमतेम ३ अब्ज टनांच्या आसपास. पहिल्या वाचनात वाटते, इतक्या थोड्या जिवांची या अफाट पाण्यात काय मातब्बरी? दुसऱ्या वाचनात कळते की सगळी कलाकुसर त्यांचीच आहे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातले जवळपास निम्मे काम समुद्रातली सूक्ष्म वनस्पती-प्लवके करतात. आज जन्मतात, दोन-चार दिवसांत खाल्ली जातात किंवा मरतात. त्यामुळे त्यांचा साठा कधी मोठा दिसतच नाही. त्यांचे मोठेपण साठ्यात नाही, राबत्यात आहे.

त्यांच्यात माझा आवडता जीव डायॲटम. चिखलात भेटलेल्याचा हा दर्यावरचा भाऊबंद. सूक्ष्मदर्शकाखाली तो कुंकवाच्या करंड्यासारखा दिसतो. एक भाग डबीचा, दुसरा झाकणाचा, एकात एक बसलेले, दोन्हीवर ओळीने बारीक भोकांची नक्षी, आणि सगळे पारदर्शक सिलिकेचे. जी सिलिका भाताच्या पातीला धार देते, तीच इथे घर होते. समुद्रातल्या सिलिकेचा सर्वांत मोठा पुरवठा नद्यांचा आहे. एकदा आलेला सिलिकेचा कण अनेक पिढ्यांच्या डायॲटममधून विरघळत-घडत फिरतो आणि शेवटी तळाच्या गाळात पुरला जातो. हे कवच जड असते, आणि याच गोष्टीला महत्त्व आहे. बहर ओसरला की डायॲटम एकमेकांना चिकटून झुबक्यांनी खाली जाऊ लागतात. प्राणी-प्लवके त्यांना खातात आणि त्यांची घट्ट विष्ठाही खाली पडते. वरच्या उजेडातला कार्बन असा कणाकणाने अंधारात उतरतो.

यात आणखी एक हात आहे. अरबी समुद्रात अंगावर दिव्यांसारखे ठिपके असलेले लहान मासे अगणित आहेत. रात्री ते वर येऊन चरतात आणि दिवसा शेकडो मीटर खाली, जिथे ऑक्सिजन जवळपास संपतो त्या थरात, दडून बसतात. वर खाल्लेले ते खाली श्वासावाटे आणि विष्ठेवाटे सोडतात. हे रोजचे येणे-जाणे कार्बन खाली पोचवते. समुद्रातले हे जिवंत काम बंद पडले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा दीडशे ते दोनशे पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांमागे तितक्या भागांनी) वाढेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उद्योगयुगापूर्वी तो सुमारे २८० होता आणि आज ४२० च्या वर आहे. म्हणजे आपण कारखाने-गाड्यांतून सगळे मिळून जेवढे वाढवले, त्याहूनही जास्त हे न दिसणारे जीव अडवून धरतात.

हे कुणी पाहिले आहे का, असे कुणी विचारील. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या साथीने १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर नरसाळ्याच्या आकाराचे सापळे टांगले. वरून पडणारे कण त्यांत महिनोन्‌महिने जमा होत राहिले. १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष आला. खोल समुद्रात उतरणारे कण मान्सूनच्या काळात ठळकपणे वाढतात. वारा पाणी घुसळतो, खालचे पोषण वर येते, बहर येतो आणि त्याचा पाऊस तळाकडे पडू लागतो. माळशेजला जो पाऊस कोसळतो, त्याच मोसमाचा एक पाऊस समुद्राच्या पोटातही पडतो, हे त्या सापळ्यांनी मोजून दाखवले.

कुठल्याही रचनेची खरी परीक्षा एखादा शब्द काढून घेतल्यावर होते. तशी परीक्षा २००९ मध्ये झाली. जानेवारी ते मार्च या काळात गोव्याच्या याच संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिणी महासागरात ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग झाला. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळून प्लवकांचा बहर आणायचा आणि कार्बन खाली जातो का, ते पाहायचे. बहर आला, पण खाली फारसे काही गेले नाही. त्या पाण्यात सिलिका अगदी कमी होती, म्हणून डायॲटम वाढू शकले नाहीत. दुसरी मऊ प्लवके वाढली आणि ती बारीक प्राण्यांनी वरच्यावर फस्त केली. लोह होते, ऊन होते, भूकही होती. नव्हती ती फक्त खडकातून सुटणारी सिलिका. तिच्यावाचून कार्बनला तळ गाठता आला नाही. माझ्या दृष्टीने या विषयातले हे सर्वांत बोलके पान आहे.

रसग्रहण म्हणजे नुसती आरती नव्हे, म्हणून मर्यादाही सांगायला हव्यात. खाली जाणाऱ्या कार्बनपैकी बहुतेक वाटेतच खाल्ला जातो आणि पुन्हा विरघळतो. तळाच्या गाळात पुरला जाणारा भाग एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. खोल पाण्यात विरघळलेला कार्बन काही शतकांनी पुन्हा वर येतो. शिंपल्या, कालवे आणि फोरामिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव कॅल्शियम कार्बोनेटची कवचे बांधतात, तेव्हा बायकार्बोनेटमधला निम्मा कार्बन कवचात जातो आणि निम्मा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. जगातल्या सगळ्या खडकांच्या झिजेतून वर्षाला जेमतेम एक अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेतून निघतो. माणूस मात्र खनिज इंधने जाळून वर्षाला पस्तीस अब्ज टनांहून अधिक सोडतो. समुद्र आपल्या एकूण उत्सर्जनातला साधारण चौथा हिस्सा पोटात घेतो आणि त्यापायी स्वतःची आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढवून बसला आहे. कवच बांधणाऱ्या जिवांना त्याचा त्रास होतो. तेव्हा निसर्ग सगळे निस्तरेल या भरवशावर कुणी राहू नये. ही रचना मंद लयीची आहे, आपली घाई तिला झेपणारी नाही.

समुद्राकडून आपल्याकडे परत काय येते, तेही बघावे. पावसाळ्याच्या तोंडावर मुरबाड-शहापूरच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीच्या पाट्या लागतात. आगोटीची बेगमी म्हणून घरोघरी जवळा, सोडे, बोंबील भरून ठेवतात. मूठभर जवळा तळहातावर पसरून बघा. नखापेक्षा थोडा मोठा, कागदासारखा हलका, वाळून फिकट गुलाबी झालेला जीव आणि टोकाला टाचणीच्या अग्राएवढा काळा डोळा. डोल जाळ्यात सापडणारी ही इवली कोळंबी डायॲटम आणि तळातला बारीक गाळ खाऊन वाढते. तिला बोंबील खातो, त्याला माणूस. आपण खाल्लेला हा कार्बन साठ्यात जात नाही, आपल्या श्वासावाटे हवेतच परततो. पण जवळा तव्यावर परतताना जो वास दरवळतो, तो ज्या खाडी-समुद्राच्या जोरावर, त्याच्या पोषणात आपल्या डोंगराचाही अंश आहे.

म्हणून आता त्या ‘वाया’ जाणाऱ्या पाण्याविषयी. इजिप्तमध्ये नाईल नदीचा पूर दरवर्षी भूमध्य समुद्रात डायॲटमचा मोठा बहर आणायचा आणि त्यावर सार्डिन मासे पोसायचे. १९६४ च्या सुमारास आस्वानचे मोठे धरण पाणी अडवू लागले आणि काही वर्षांतच तिथली सार्डिनची मासेमारी कोसळली. पाणी अडले तसा पूर थांबला, पूर थांबला तसा बहर थांबला. आपल्या शहापुरात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईच्या नळातले जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसाचे. ते पाणी शहरातून फिरून समुद्रात पोचते ते सांडपाणी होऊन. त्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर आणि त्या मानाने सिलिका कमी. असे पाणी डायॲटमपेक्षा दुसऱ्याच, कमी उपयोगाच्या प्लवकांना मानवते. म्हणजे समुद्राला पाणी किती मिळते यापेक्षा कसे मिळते, हा प्रश्न मोठा आहे.

धरणे नकोत, असे म्हणणारा मी नाही. ज्या बाईने मे महिन्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढला आहे, तिच्यासमोर समुद्राचे गोडवे गाऊन चालणार नाही. धरणाच्या काठावरचा पाडा तहानलेला राहतो, हा अन्याय आहे आणि तो आधी दूर झाला पाहिजे. पण त्यासाठी समुद्राचा वाटा तोडावा लागत नाही. गावतळी, पाझर तलाव, विहिरींचे पुनर्भरण आणि धरणाच्या पाण्यात धरणग्रस्त गावांचा पहिला हक्क, एवढ्याने पाड्यांची तहान भागू शकते.

आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांना, सरपंचांना आणि पाण्याचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पाण्याचा ताळेबंद लिहाल तेव्हा घर, शेत आणि शहर यांच्याखाली समुद्राची एक ओळ लिहा. पावसाळ्यातले काही पूर अडवल्यावाचून खाडीपर्यंत जाऊ द्या. कारखान्याचे आणि गटाराचे पाणी शुद्ध केल्यावाचून काळू-उल्हासमध्ये सोडू देऊ नका, आणि खाडीकाठच्या कांदळवनावर भराव पडत असेल तर गप्प बसू नका.